रिकाम्या वाटीची कहाणी

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, मुलांना जवळ बसवा.

नगर होतं एक, आटपाट, चार वेशींचं. त्या नगरात मथुरा नावाची बाई परत आली. कडेवर बाळ, दोन्ही हातांना एका वेळचे जावळे मुलगे, मागं गाठोडं घेऊन थोरली लेक राही. नवरा दूरदेशी व्यापाराला गेला, तो तिकडचाच होऊन राहिला. सासरी कुणी ठेवून घेईना, म्हणून ती माहेरी निघाली. वाटेनं मुलांना सांगत आली, मामा वेशीपर्यंत सामोरा येईल, मामी भाकरतुकडा ओवाळून टाकील, आजोळ आहे तुमचं. वेशीत कुणी नव्हतं. मामा परगावी गेला होता. दारात मामी उभी होती. हातात पाणी नाही, भाकरतुकडा नाही. मामी म्हणाली, "वन्सं, किती दिवसांसाठी आलात?"

मथुरा म्हणाली, "पाणी प्यायला थांबले होते, वहिनी." आणि पाणी न पिताच वळली.

मग नगराच्या कडेला, कासारणीच्या भिंतीला भिंत लावून एक खोपट होतं, त्यात तिनं चूल मांडली. चुलीपुढं बसून वसा घेतला. कुणाच्या दारी हात पसरणार नाही. कुणाचं उसनं घेणार नाही. कुणाला हाक मारणार नाही. मुलं ऐकत होती. राहीनं तो वसा पाठ केला. पुढं भावानं धान्याची गोणी धाडली, ती आल्या बैलावर परत गेली.

मथुरेला राजाच्या हत्तीखान्यात काम मिळालं. हत्तींसाठी रोट थापायचे. उजाडायच्या आत उठावं, पाणी भरावं, दळण दळावं. राहीची वेणी घालते तो एका जावळ्याचं नाक वाहतं. नाक पुसते तो दुसरा चुलीकडे धावतो. त्याला आवरते तो बाळ रडतं. बाळाला घेते तो दूध उतू जातं. मग तसंच सगळं राहीवर टाकावं आणि धावत हत्तीखाना गाठावा. दिवसभर रोट थापावेत. राजाचे हत्ती वेळेवर जेवत. दिवेलागणीला परत यावं, मुलांच्या पुढ्यात भाकरी ठेवावी, उरलं तर आपण उभ्यानं खावं.

गल्लीतल्या मुली सागरगोटे घेऊन दारात येत. "राही, चल गं." राही म्हणे, "मला वेळ नाही." आईसारखीच म्हणे, पदर खोचल्यासारखा हात कमरेला लावून. मुली हसत आणि जात. मग मुली यायच्या थांबल्या.

कासारीण भिंतीवरून बोलायची. एकदा भाजी द्यायला गेली, मथुरेनं भांडं तसंच परत केलं. कासारीण गल्लीत म्हणाली, "हिच्या घरच्या मुंग्यासुद्धा आपापली साखर घेऊन येतात गं बाई." सगळ्या हसल्या. मग त्याही विचारायच्या थांबल्या.

असं होता होता श्रावण आला. घरोघर बायांनी भिंतीवर गंधानं जिवती काढली, मुलांना ओवाळलं. मथुरेची भिंत कोरीच राहिली. जिवतीबाईला राग आला. म्हणाली, चार मुलं पदरात, आणि मला दिवा नाही? बघून तरी येते. तिनं म्हातारीचं रूप घेतलं, हातात काठी घेतली, शुक्रवारी दारात आली. बघते तो एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, कडेवर बाळ, दातांत वेणीची दोरी, आणि मथुरा रोट थापायला निघालेली. जिवतीचा राग तिथंच विरला. म्हणाली, "लेकी, बाळ मी धरू का घटकाभर?"

"नको आजी. मी कुणाचं घेत नाही."

"बरं. तुझं तुला."

दुसऱ्या शुक्रवारी म्हातारी आली. मथुरा डोक्यावर घागर, कडेवर कळशी घेऊन चढण चढत होती. "लेकी, कळशी मी घेऊ का?"

"नको आजी. मी कुणाचं घेत नाही."

"बरं. तुझं तुला."

तिसऱ्या शुक्रवारी म्हातारी आली. घरातलं दही नासलं होतं. जावळे ताकभातासाठी हटून बसले होते. दूध होतं, विरजण नव्हतं. म्हातारीनं पदराआडून वाटी काढली. "लेकी, विरजण घे."

"नको आजी. मी कुणाचं घेत नाही."

"अगं, विरजणसुद्धा?"

"विरजणसुद्धा. बाजारातून आणीन."

भिंतीपलीकडून कासारीण म्हणाली, "विरजण मिळतं का गं बाजारात? कुठल्या दुकानात ते मलाही सांग."

म्हातारी म्हणाली, "बरं. तुझं तुला." आणि गेली. मुलांनी भाकरी पाण्याशी खाल्ली.

मग दुसरा दिवस उजाडला. राजाची स्वारी निघायची होती, हत्तीखान्यात दुप्पट काम. मथुरा गेली, आणि इकडे बाळाला ताप भरला. बाळ तव्यासारखं तापलं. राहीनं ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. ताप हटेना. जावळे घाबरून रडू लागले. राहीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. कासारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, "राही, काय झालं गं?"

राही म्हणाली, "काही नाही, मावशी."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. "बाळ का रडतंय?"

"काही नाही, मावशी."

मग बाळ रडायचं थांबलं. कासारणीला वाटलं, निजलं. ते निजलं नव्हतं. त्याच्यात रडायची ताकद उरली नव्हती.

दिवेलागणीला मथुरा आली. घरात दिवा नाही. कोपऱ्यात राही, मांडीवर बाळ, हातात फडकं. मथुरेनं बाळाला हात लावला आणि ओरडली, "अगं, कधीपासून?"

"सकाळपासून."

"मग शेजारी हाक नाही मारलीस?"

राही म्हणाली, "आपल्यात मारत नाहीत ना."

मथुरा खाली बसली. तिला वाटलं होतं, वसा आपण एकटीनं घेतला. तो तर लेकीच्या गळ्याशी येऊन बसला होता.

तेवढ्यात दारात काठी वाजली. म्हातारी आली. आज तिनं काही विचारलं नाही. नुसती उभी राहिली. मथुरा म्हणाली, "आजी, बघताय ना? मग उभ्या का?"

"तू मागितल्याशिवाय मला देता येत नाही."

"मी वसा घेतलाय, आजी. घेतला वसा टाकू कशी?"

"कुणी सांगितला तो तुला?"

"कुणी नाही. वहिनी बोलली, मला राग आला, मी घेतला."

म्हातारी म्हणाली, "रागानं घेतलेला वसा देव्हाऱ्यापर्यंत पोचत नाही, लेकी. मी बसून असते तिथं. मला कधी ऐकू आला नाही."

मथुरेनं तोंड उघडलं. मग हळूच म्हणाली, "आजी, बाळ धरा."

"काय म्हणालीस? माझे कान गेलेत."

"आजी, माझं बाळ धरा."

"अजून मोठ्यानं."

मग मथुरा ओरडली, "माझं बाळ धरा कुणीतरी! मला एकटीला होत नाही!"

भिंतीपलीकडे कासारणीच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती आली ती काढा घेऊनच आली. तिच्या पाठोपाठ तेलीण दिवा घेऊन आली. कुंभारणीचा दीर वैद्याकडे धावला. कुणी जावळ्यांना उचललं, कुणी चूल पेटवली. कासारीण म्हणाली, "मेले, मी दिवसभर भिंतीला कान लावून बसले होते. पण तुझ्या दारात पाऊल टाकायचं म्हणजे सिंहाच्या गुहेत शिरायचं." मथुरा म्हणाली, "चुकलं." कासारीण म्हणाली, "ते उद्या. आधी हा काढा पाज."

म्हातारीनं बाळ मांडीवर घेतलं. मथुरेनं विचारलं, "आजी, मग खरा वसा कोणता? मी उतणार नाही, मातणार नाही."

म्हातारी म्हणाली, "श्रावणातल्या शुक्रवारी उठावं. रिकामी वाटी घ्यावी. शेजारी जावं, काही एक मागावं. मीठ मागावं, विरजण मागावं, नाहीतर घटकाभर मूल धरायला सांगावं. मागताना मान खाली घालू नये. जिच्या दारी मागणारी येईल, तिनं किती दिवसांसाठी म्हणून विचारू नये. देताना वर दोन शब्द टाकू नयेत. जिला मुलं आहेत तिनं करावं, जिला नाहीत तिनं करावं. जी एकटी आहे तिनं आधी करावं. हेच माझं ओवाळणं. भिंतीवर मला नाही काढलं तरी चालेल."

मग मथुरेचा डोळा लागला. सासर सोडल्यापासून ती कधी अशी निजली नव्हती.

उजाडलं. बाळाच्या अंगाला घाम फुटला होता, ताप उतरला होता. म्हातारी नव्हती. ती टेकली होती तिथं कोऱ्या भिंतीवर हळदीचा हात उमटला होता. कासारीण दाराशी भिंतीला टेकून पेंगत होती. बाळानं डोळे उघडले, ताकाच्या मडक्याकडे बोट केलं. मडकं रिकामं होतं. चुलीवर कासारणीनं आणलेलं दूध कोमट होतं.

मथुरा उठली. हत्तीखान्यात जायची वेळ झाली होती. तिनं एका जावळ्याच्या हातात वाटेला काठी दिली, म्हणाली, "जा, मुकादमाला सांग, आई आज उशिरा येईल. हत्ती थांबतील." मग तिनं फडताळातून वाटी काढली, घासली, पुसली. कासारणीला हलवून म्हणाली, "मावशी, मुलांकडे बघाल का? विरजण मागून येते."

कासारीण म्हणाली, "अगं, विरजण माझ्याकडे आहे की."

"असू द्या. हे वहिनीकडूनच आणायचं आहे."

राही आईमागं उठली. मथुरा म्हणाली, "तू नको येऊ. तू सागरगोटे खेळायला जा."

आणि वाटी पदराआड न झाकता, हातात उघडी धरून, मथुरा मामीच्या दाराकडे चालू लागली.

मामी काय बोलली ते कहाणीत नाही. तिच्याही घरी शुक्रवार येतो. मथुरेला जशी जिवतीबाईनं मागायची जीभ दिली, तशी तुम्हां आम्हां देवो. आणि मामीसारखी दारात उभी राहील तिला देणारा हात देवो. खूप बोलांची ही कहाणी, थोडक्या बोलांत, शेजारणीच्या उंबऱ्याशी सुफळ झाली, संपूर्ण झाली. अक्षता टाका, आणि उठताना शेजारच्या घरी डोकावून जा.