बख्तियार सुताराचं दार

फार वर्षं लोटली. इराणच्या खुरासान मुलखात सरवान नावाचं गाव होतं, तिथे बख्तियार नावाचा सुतार राहायचा. तेव्हा राज्य मंगोलांचं. त्यांचे दूत गावोगाव फिरत आणि जे घर बरं दिसेल त्यात मुक्काम ठोकत. घोडे बागेत सोडत, धान्य फस्त करत, जळणाला घरमालकाचंच दार तोडत. तक्रार करावी तर ऐकणारेही तेच! म्हणून लोकांनी घरं मुद्दाम पडकी ठेवली, दारं काढून टाकली आणि आत शिरायला जमिनीखालून बिळं खणली. माणसं रांगत घरी जाऊ लागली. अशा गावात सुताराने करायचं काय? बख्तियार कुदळींना दांडे बसवून पोट भरी.

एका हिवाळ्यात त्याची आई वारली. बिळातून जनाजा निघेना. शेवटी तिला पोत्यासारखं ओढून बाहेर काढावं लागलं. ते त्याच्या जिवाला फार लागलं. दफन करून आल्यावर त्याने अंगणातलं अक्रोडाचं झाड तोडलं आणि दार घडवायला घेतलं. गावाने विनवण्या केल्या, तुझ्यापायी आम्हीही मरू म्हणाले. त्याची बायको माहरू मात्र फळी धरून त्याच्यासमोर उभी राहिली.

दूत आले. अख्ख्या गावात एकच दार, ते सरळ तिथेच उतरले. जळणाला हे दार फोड म्हणाले, वर माहरूला मद्य वाढायला पाठव म्हणाले. बख्तियार उंबऱ्यात उभा राहिला.

"माझ्या आईला मी या घरातून ओढत नेलं," तो म्हणाला. "आता या घरात रांगणं नाही."

असं म्हणतात, दूतांच्या कुऱ्हाडी त्या दारावर बोथट झाल्या. लाकडातून हुंकार उठला, तो ऐकून बिळाबिळातून माणसं वर आली आणि ताठ उभी राहिली. दूतांना पळता भुई थोडी झाली. मग बंड गावोगाव पसरलं आणि बख्तियारही लढायला निघाला.

"दार लावू नकोस," जाताना तो माहरूला म्हणाला. "मी येईन."

तो आला नाही. कुणी म्हणतात फासावर गेला, कुणी म्हणतात वाळवंटात हरवला. माहरूने केस पिकेपर्यंत वाट पाहिली. बर्फाचा वारा घरात शिरे, ती कुडकुडत बसे, पण दार लावत नसे. असं म्हणतात, ती गेली त्या वसंतात चौकटीला पालवी फुटली.

अजूनही सरवानात नवं घर बांधलं, की घरातली सगळ्यात म्हातारी बाई उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे हाक मारते, "बख्तियार, घरी ये रे बाबा." मग सगळे थांबतात. कुणी येणार नाही, हे पोरांनाही ठाऊक असतं. तरी बराच वेळ आत जायला कुणाचा पाय उचलत नाही.