गोजराबाईची न हरवलेली वाटी

फार फार वर्षांमागची गोष्ट. किती वर्षांमागची, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. नदीकाठच्या एका नगरात गोजराबाई नावाची बाई राहायची. नवरा धान्याचा व्यापारी, घरात कणग्या भरलेल्या, आणि हात सढळ. तिच्या दारातून कुणी विन्मुख गेलं, असं कधी झालं नाही.

त्याच नगरात घाटावर लोकांची धुणी धुणारी एक बाई तापाच्या साथीत गेली. तिची सात वर्षांची भिवरा मागे राहिली. गोजराबाईने पोरीला हाक मारून सांगितलं, "रोज दुपारी येत जा गं. उपाशी राहू नकोस."

तेव्हापासून भिवरा रोज यायची आणि मागच्या पडवीत बसून भाकरी-कोरड्यास खायची. गोजराबाईच्या लेकीला आखूड झालेले परकर भिवराच्या अंगावर दिसायचे. बायका म्हणायच्या, "गोजराबाई म्हणजे माउलीच!" गोजराबाईला ते ऐकायला फार गोड लागायचं.

भिवरा मोठी झाली. एका म्हाताऱ्या चिटणिसाचं अंगण झाडता झाडता ती अक्षरं शिकली, आणि मग अडल्यानडल्यांचे अर्ज लिहून देऊ लागली. तापाची साथ पुन्हा आली तेव्हा तिने राजाला असं पत्र लिहिलं, की आठ दिवसांत दोन वैद्य नगरात हजर झाले.

त्या राज्याची रीत अशी, की नगराचा कारभार कुणी पाहायचा ते नगरानेच ठरवायचं. चावडीत घरटी एक सुपारी आणायची आणि आपल्या पसंतीच्या माणसापुढे ठेवायची. त्या वर्षी सुपाऱ्यांचा सगळ्यांत मोठा ढीग भिवरापुढे पडला, आणि ती कारभाराच्या गादीवर बसली.

गोजराबाईने त्या दिवशी साखर वाटली. "माझ्या भाकरीवर वाढली हो ती!" ती ज्याला त्याला सांगत सुटली.

पण पुढे एकेक गोष्ट तिला टोचू लागली. पूर्वी ती घाटावर गेली की बायका सरकून जागा द्यायच्या. आता त्या भिवरासाठी उठून उभ्या राहू लागल्या. लग्नात पहिलं कुंकू गोजराबाईला लागायचं, ते आता भिवराला लागू लागलं. कुणी काही वाईट बोललं नव्हतं, कुणी तिचा अपमानही केला नव्हता. तरी रात्रंदिवस तिच्या मनात तेच घोळायचं. माझ्या पडवीत बसणारी ही पोर, आणि आता मी हिच्यासमोर उभं राहायचं?

एक दिवस ती चावडीवर गेली. "भिवरे, आमच्या आळीत विहीर खणून दे. आधी आमची."

भिवरा गादीवरून उठली, जवळ आली आणि हळू म्हणाली, "मावशी, खालच्या आळीतल्या बायका डबक्यातलं पाणी गाळून पितात. यंदा त्यांची खणू द्या. तुमची पुढच्या वर्षी नक्की."

गोजराबाई तशीच घरी आली. दुसऱ्या दिवशी घाटावर धुणं आपटता आपटता म्हणाली, "बोलू नये, पण लहानपणी माझी चांदीची वाटी या भिवरानेच नेली. पोरकं पोर म्हणून मी गप्प बसले."

खरं तर त्या घरातली एकही वाटी कधी हरवली नव्हती.

पण बोलणं पसरायला काय लागतं? संध्याकाळपर्यंत ते वेशीपर्यंत पोचलं. भिवराच्या कानावर गेलं तेव्हा ती गादीवरून खाली उतरली. "आळ फिटेपर्यंत मी इथे बसणार नाही," एवढंच म्हणाली. खालच्या आळीतली विहीर कमरेइतकी खणून झाली होती. हुकूम देणारं कुणी उरलं नाही, तशी माणसं कुदळी घेऊन घरी गेली.

तिसऱ्या दिवशी भिवरा गोजराबाईकडे आली. गोजराबाई तयारच होती. ही रडेल, भांडेल, शिव्याशाप देईल, असं तिला वाटत होतं.

भिवराने विचारलं, "मावशी, खरं सांगा. मी नेली होती का वाटी? त्या दिवसांत पोटात अशी आग असायची, की मी काय काय केलं ते मलाच धड आठवत नाही. नेली असेल तर मी चावडीत तसं कबूल करते."

गोजराबाईच्या जिभेवर 'हो' आलं होतं. एक शब्द टाकायचा अवकाश, आणि गादी कायमची गेली असती. पण समोर उभी असलेली बाई स्वतःलाच चोर समजू लागली होती. गोजराबाईने ते 'हो' गिळलं.

"वाटी हरवलीच नव्हती गं."

"मग असं का बोललात, मावशी?"

"तुला उपाशी बघवलं नाही मला. आणि तुला गादीवर बसलेलंही बघवलं नाही."

दुसऱ्या दिवशी गोजराबाईने भर चावडीत स्वतःच्या तोंडाने खरं सांगितलं. भिवरा पुन्हा गादीवर बसली. उन्हाळा संपायच्या आत खालच्या आळीला पाणी लागलं, आणि पुढच्या वर्षी ठरल्याप्रमाणे गोजराबाईच्या आळीतही विहीर झाली. भिवराने मनात अढी ठेवली नाही. सणावाराला ती मावशीच्या पाया पडायला यायची.

नगराला मात्र विसर पडला नाही. शेजारी एका मोलकरणीला मुलगा झाला, तेव्हा गोजराबाई हौसेने शिवलेली कुंची घेऊन बारशाला गेली. त्या बाईने हात जोडले.

"नको, बाई. उद्या हा मोठा झाला, तर तुम्हाला सोसायचं नाही."

कुंची पदराखाली घेऊन गोजराबाई घरी परतली. त्यानंतर तिच्या कणग्या भरलेल्याच राहिल्या, पण तिच्या हातून घ्यायला कुणी आलं नाही.

म्हणून मुलांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याला हात दिला, तो आपल्याहून उंच झालेला सोसवला, तरच ते खरं दान.