बुटक्याची गादी आणि पैलवानाचा श्वास

फार पूर्वी, रस्त्यांवर खड्डे होतेच पण मोटारी नव्हत्या तेव्हा, एका राज्यात दिवाणजींची पालखी वाहणारे चार भोई होते. तिघे ताडमाड, चौथा बुटका. पालखी तिरकी होऊ नये म्हणून बुटक्याच्या खांद्यावर कापसाची जाड गादी असे. चौघांच्या पुढे काठी आपटत चाले त्यांचा नाईक. ओझं त्याच्याकडे फक्त मिशांचं आणि भल्यामोठ्या पगडीचं.

पुढच्या दांडीला एक पैलवान भोई होता. रेड्याला शिंगं धरून थांबवील असा गडी. पण बाजाराची गर्दी समोर आली की त्याची छाती धडधडायची, श्वास अडकायचा, हात गार पडायचे. वैद्य म्हणाले, "हा मनाचा आजार आहे. औषध घे, आणि कामात थोडी सोय मागून घे."

पैलवानाने नाईकाला बाजूला घेतलं. "नाईक, मला मागच्या दांडीला घ्या. आणि बाजाराच्या तोंडाशी पालखी जरा टेकू द्या. चार श्वास घेतले की मी ठीक होतो."

बाजूला सांगितलेली गोष्ट नाईकाने थेट चावडीवर नेली. "ऐका रे, आपल्या पैलवानाला माणसांची भीती वाटते म्हणे. आज ह्याला श्वास, उद्या त्याला झोका. माझ्याकडे सगळे सारखे. कुणालाच वेगळं काही मिळायचं नाही. जमत नसेल त्याने घरी बसावं."

पैलवानाने पुन्हा पुढचीच दांडी धरली. घरी बसला तर चूल कशावर पेटणार?

बुटका मात्र पक्का बेरकी. "कुणालाच नाही ना, नाईक? मग माझ्या गादीचं काय?"

आता आली का पंचाईत. पण चारचौघांत माघार घेईल तो नाईक कसला. "तीही काढ," तो गुरगुरला.

काढली की हो त्याने, आणि काखेत मारली.

दुसऱ्या दिवशी दिवाणजी लग्नाला निघाले. पालखी अशी कलली, की एका हातात पगडी आणि दुसऱ्या हातात कठडा धरून ते जीव मुठीत घेऊन बसले. बाजाराच्या तोंडाशी गर्दी दिसली, पैलवानाला धाप लागली, तो जागीच थांबला. बुटक्याचा कोपरा खचकन खाली गेला आणि दिवाणजी सुर्रकन घसरले ते चुरमुऱ्यांच्या ढिगात.

बाजार पोट धरधरून हसला. दिवाणजी मिशीतले चुरमुरे झटकत उठले. "चूक कुणाची? ज्याची असेल तो आजच घरी जाईल."

नाईकाच्या जिभेवर पैलवानाचं नाव आलंच होतं. पैलवान भिंतीला टेकून श्वास शोधत होता, त्याच्याने 'नाही' सुद्धा म्हणवलं नसतं. इतक्यात बुटका नाईकाच्या कानाशी पुटपुटला, "गादी म्हणजे माझे लाड नव्हते, नाईक. पालखी सरळ राहावी म्हणून होती. त्याचं मागणंही त्याचसाठी होतं."

नाईक पुढे झाला. "चूक माझी, सरकार. ह्या दोघांना कामासाठी जे लागत होतं, ते मी दिलं नाही." कुणाला काय झालंय ते मात्र त्याने ह्या खेपेला बाजारात सांगितलं नाही.

दिवाणजींनी त्याला नीट न्याहाळलं. "खरं बोललास, म्हणून राहिलास. कामाला जे लागतं ते मागणं हा ह्यांचा हक्क आहे, तुझी मेहेरबानी नव्हे. आज बुटक्याचा कोपरा तू उचल."

पैलवान श्वास घेऊन मागच्या दांडीला गेला. बुटका काठी आपटत पुढे झाला. नाईकाने पगडी उतरवून खांदा लावला, आणि काय सांगू, गडी बुटक्याहून वीतभर बुटका निघाला. पालखी पुन्हा कलली.

"बोल," आतून दिवाणजी म्हणाले, "तुला काय लागतं?"

"गादी," नाईक अगदी हळू म्हणाला. "दोन."

बुटक्याने काखेतली आपली गादी दिली. दुसरी चुरमुऱ्यांच्या रिकाम्या पोत्याची झाली. पालखी लग्नाला सरळ पोचली.

तात्पर्य, जे नाईकालाही कळलं ते: सगळ्यांना सारखं वागवायचं म्हणजे ज्याच्या खांद्याला जे लागेल ते त्याला द्यायचं, आणि खांदा मनालाही असतो.