जालिंदररावांचं स्वच्छता अभियान

माजी नगराध्यक्ष जालिंदररावांनी ऐन बाजाराच्या दिवशी, दारूच्या नशेत, जीप थेट चौकातल्या कारंज्यात घातली. कोर्टाने शिक्षा सुनावली. चार दिवस सरकारी दवाखान्याचं आवार झाडायचं आणि रोज सफाई मुकादम हौसाबाईंची सही घ्यायची.

पहिल्या दिवशी साहेब आले ते ढोलताशा घेऊनच. फाटकावर फ्लेक्स लागला, 'जालिंदररावांचे स्वच्छता अभियान'. गळ्यात हार, हातात कोरा झाडू, समोर पत्रकार. सावलीसावलीने झाडत साहेब म्हणाले, "मला कुणाची जबरदस्ती नाही. ही माझ्या मनाची सेवा आहे!" टाळ्या पडल्या.

बारा वाजता त्यांनी कोर्टाचा कागद हौसाबाईंपुढे टाकला. "कर सही. आणि तुझी बदली माझ्या एका फोनवर आहे, हे विसरू नकोस."

हौसाबाईंनी कागद नीट घडी करून परत दिला.

"साहेब, माझी सही शिक्षेपुरती. तुम्ही तर सगळ्यांदेखत मनाची सेवा केलीत. एवढं पुण्य मी शिक्षेत कसं घालू? शिक्षा उद्यापासून धरू. का पत्रकारांना बोलावता, सेवा नव्हती, शिक्षाच होती म्हणून सांगायला?"

पत्रकार फाटकाशीच चहा पीत होते. साहेबांनी कागद मुकाट्याने खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले. फ्लेक्स स्वतःच्या हाताने उतरवला आणि उन्हात झाडू लागले. एका म्हातारीने कौतुकाने विचारलं, "सेवा करतोयस होय रे, बाबा?"

जालिंदररावांनी दचकून हौसाबाईंकडे पाहिलं आणि ओरडले, "सेवा नाही हो आजी, शिक्षा! शिक्षा!"