बिननावाचा नळ

एक होतं गाव. गाव होतं लहान, पण त्याच्या पाट्या होत्या मोठ्या. त्या गावाचं नाव चिंचोरे. चिंचोऱ्याला नगरपालिका होती, आणि नगरपालिकेला पाट्या लावायचा भारी सोस. बाकडं ठेवलं की त्याच्या पाठीवर पाटी. कचऱ्याचा डबा ठेवला की त्याच्या पोटावर पाटी. एकदा तर रस्त्यातला खड्डा बुजवला आणि त्याच्या उद्घाटनाला मांडव घातला. मांडवाच्या खांबांसाठी चार नवे खड्डे खणावे लागले, ते अजून तसेच आहेत!

या गावाच्या अगदी खालच्या टोकाला खालची आळी होती, आणि आळीत राहत होती इवलीशी सुगंधा. तिला सगळे सुगू म्हणायचे. सुगूची आई केरसुण्या बांधून विकायची. वडील दूरच्या गावी वीटभट्टीवर कामाला. त्यातच आई घसरून पडली आणि तिचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला. मग पाणी कोण आणणार? सुगू आणणार. खालच्या आळीत नळच नव्हता. सुगू आपली चिमुकली कळशी कमरेवर घेऊन थेट वरच्या आळीच्या टाकीवर जायची, रांगेत उभी राहायची, खेपा घालायची, आणि शाळेत पोचायची तेव्हा मधली सुट्टी झालेली असायची.

"सुगंधा," एक दिवस बाई म्हणाल्या, "असं चाललं तर तुला पुन्हा याच वर्गात बसावं लागेल गं."

सुगूचे डोळे भरून आले. तिला शाळा फार, फार आवडायची.

आता तुम्ही विचाराल, खालच्या आळीत नळ का नव्हता? अहो, पाइप होता की! आळीतल्या कडुनिंबापर्यंत तो ऐटीत आला होता आणि तिथे तोंडाला बूच लावून बसला होता. नळ बसवायचा तेवढा बाकी होता. पण नळावरच्या पाटीवर कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, यावर नगरपालिकेच्या सभेत भांडण जुंपलं होतं. नगराध्यक्ष दाजीसाहेब ढमढेरे म्हणायचे, "माझं वर!" विरोधी पक्षाचे नानासाहेब फडतरे म्हणायचे, "माझं वर!" मग चहा यायचा, भजी यायची, आणि भजी संपली की ठरायचं, "विषय पुढच्या सभेत घ्या."

टाकीच्या वाटेवर नगरपालिकेची बाग होती. बाग म्हणजे काय, एक भलीमोठी कमान, कमानीवर सोनेरी अक्षरांत नावंच नावं, आणि आत एकुलता एक मोगरा. तोही बिचारा सुकलेला. सुगूला त्याची फार दया यायची. येता-जाता ती कळशीतलं ओंजळभर पाणी त्याला घालायची. ओंजळभर पाणी म्हणजे थोडं वाटेल तुम्हाला, पण एवढ्या लांबून वाहून आणणाऱ्याला विचारा!

एका सकाळी सुगूने ओंजळ रिकामी केली मात्र, मोगऱ्याची एक पांढरीशुभ्र कळी टुपकन उमलली, आणि आतून आळोखेपिळोखे देत बाहेर आली एक चिमुकली परी. बोटाच्या पेराएवढी! तिचे पंख निळे, गुलाबी, पोपटी, जसे हलतील तसे रंग बदलत होते. केसांत दवाचे मणी, पायांत इवलेइवले पैंजण.

"सुगू, राणी," परी गोड आवाजात म्हणाली, "या बागेचं उद्घाटन झालं तेव्हा सगळ्यांनी हार घातले, फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. पण मोगऱ्याला पाणी घातलंस ते फक्त तू. माग, तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन."

सुगू हरखून गेली. "खरंच? काय वाट्टेल ते मागू?"

"थांब, थांब!" परीने इवलंसं बोट वर केलं. "परीराज्यालाही नियम असतात, बाळ. पहिला नियम, जे मागशील ते सगळ्यांच्या उपयोगाचं हवं. दुसरा नियम, त्या वस्तूवर कोणाचंही नाव लागता कामा नये. नाव लागलं की वस्तू फुर्र!"

"एवढंच ना?" सुगू म्हणाली. "नावाचं काय मेलं! मला आमच्या आळीत नळ हवा. म्हणजे मी वेळेवर शाळेत जाईन."

परी हसली. चिंचोऱ्यात नावाचं काय असतं ते सुगूला अजून कळायचं होतं.

सुगू आळीत परतली तर कडुनिंबाखाली हा गलका! बूच गळून पडलं होतं आणि पाइपच्या तोंडाशी चमचमता रुपेरी नळ बसला होता. त्याची चावी फिरवली की आधी छुनछुन असा आवाज यायचा आणि मग थंडगार पाण्याची धार. शेजारच्या सरूकाकूंनी हंडा भरला, तोंडावर पाणी मारलं आणि भर रस्त्यात फुगडी घातली, तीही एकटीने.

ही बातमी दाजीसाहेबांना कळायला कितीसा वेळ लागतोय? दुपारपर्यंत बँड आला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, लाल फीत आली आणि हातगाडीवरून पाटी आली. 'मा. दाजीसाहेब ढमढेरे यांच्या अथक प्रयत्नांतून.' सुगू धावत पुढे गेली.

"साहेब, नाव नका लावू! नाव लावलं तर नळ उडून जाईल!"

"आगं पोरी," दाजीसाहेब मिशीतल्या मिशीत हसले, "बिननावाच्या नळाला पानी येत असतंय व्हय कुठं?"

पाटी टांगली. कात्री चालली. टाळ्या वाजल्या. आणि नळ थरथरला, त्याला दोन रुपेरी पंख फुटले, त्याचा झाला एक चतुर, आणि तो दाजीसाहेबांच्या फेट्यावर क्षणभर टेकून फुर्रकन उडून गेला! पाइपला पुन्हा बूच. बँडवाल्यांना कोणी थांबा म्हणालं नाही, म्हणून ते वाजवतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सुगू पुन्हा बागेत गेली. डोळे रडून रडून लाल झालेले. परीने आपल्या ओढणीने तिचे डोळे पुसले, सुगूने दुसरी इच्छा म्हणूनही नळच मागितला, आणि नळ परत आला.

या वेळी आले नानासाहेब. ते हुशार गृहस्थ होते, निदान त्यांचं तसं मत होतं. "दाजी अडाणीच," ते म्हणाले. "पोरीनं सांगितलं नाव नको, तर नावच लावलं! मी बघा, नाव लावणारच न्हाई. नुसता फोटो." आणि त्यांनी हात जोडलेला आपला फोटो नळामागच्या भिंतीवर टांगला. नळ जरासा हलला, पण राहिला. नानासाहेब खूश झाले. घराकडे निघाले. चार पावलं गेले आणि परत फिरले. "नुसतं एक अक्षर लिहितो," ते म्हणाले. "एका अक्षरानं काय होतंय?" खडूने त्यांनी फोटोखाली 'ना' लिहिलं. नळ थरथरला. "थांबा, थांबा!" सुगू ओरडली. पण सवय वाईट! नानासाहेबांच्या हाताने आपोआप 'ना' पुढे आणखी एक 'ना' लिहिलं, आणि चतुर फुर्र!

सरूकाकूंचा हंडा अर्धाच भरला होता. त्या नानासाहेबांना काय काय बोलल्या ते परीकथेत लिहिता येत नाही.

"आता शेवटची इच्छा, सुगू," मोगऱ्यावर बसून परी हळूच म्हणाली. "या वेळी नळ गेला तर मला परत आणता येणार नाही."

घरी आल्यावर सुगूने आईला सगळं सांगितलं. आईने तिला जवळ घेतलं. "बाळा, पाणी मागायला घाबरू नये. पण राखायला एकटी बसू नकोस. आळीला सांग."

मग सुगूने इच्छा मागितली, नळ आला, आणि तिने दारोदार जाऊन सगळ्यांना नियम समजावून सांगितला. बायकांनी लगेच पाळ्या लावल्या. कोणी तांदूळ निवडायला नळापाशी बसली, कोणी गोधडी शिवायला. पाटी घेऊन येणाऱ्याची धडगत नव्हती.

इकडे दाजीसाहेब विचार करत होते. आपलं नाव लावलं तर नळ जातो आणि लोक आपल्याला शिव्या देतात. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नानाचं नाव लावलं तर? नळ जाईल, आणि शिव्या नानाला! त्यांनी गुपचूप पाटी रंगवून घेतली. आणि नानासाहेब काय करत होते म्हणता? अगदी तेच.

भर दुपारी, सगळे जेवून लवंडलेले असताना, दाजीसाहेब इकडून चवड्यांवर आले आणि नानासाहेब तिकडून चवड्यांवर आले. कडुनिंबाला वळसा घालताना दोघांची धडक झाली. दाजीसाहेबांनी पाहिलं, नानाच्या हातात पाटी, आणि पाटीवर? 'मा. दाजीसाहेब ढमढेरे यांच्या कृपेने!' नानासाहेबांनी पाहिलं, दाजीच्या हातात चक्क आपलंच नाव, भोवती झेंडूच्या फुलांची नक्षी!

"नाना," दाजीसाहेबांनी पाटीवरून हात फिरवला, "माझ्यासाठी? आन् येवढ्या मोठ्या अक्षरात?"

"दाजी," नानासाहेबांनी डोळे टिपले, "फुलं बी काढलीस रं!"

बिचाऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली. मिठीतच दोघांना काय ते उमगलं, आणि दोघांनी एकमेकांना ढकलून दिलं. पण गोधडीच्या पलीकडे सरूकाकू जाग्याच होत्या. त्यांनी दोन्ही पाट्या काढून घेतल्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला छप्पर नव्हतं. नावाची बाजू आत करते, कोंबड्या वाचत बसतील." दोन्ही साहेब आले तसे चवड्यांवर निघून गेले.

आळीत हसण्याची नुसती कारंजी उडाली. "नळ वाचला! आपल्या सुगूमुळं वाचला!" सरूकाकूंना प्रेमाचं असं भरतं आलं की त्यांना काही सुचेना. त्यांनी घरातून गेरू कालवून आणला आणि नळामागच्या भिंतीवर बोटाने मोठ्ठं अक्षर काढलं. 'सु'. मग 'गू'. मग 'चा'.

सुगू बघत राहिली. आपलं नाव एवढं मोठं तिने कधी पाहिलंच नव्हतं. तांबडं, ठळक, सगळ्या आळीला दिसणारं. खोटं कशाला सांगू, तिला ते खूप आवडलं. इतकं आवडलं की काकूंना थांबवायचं ती विसरूनच गेली.

आणि नळाला एक रुपेरी पंख फुटला.

सुगू भानावर आली. ती झेपावली आणि फ्रॉकच्या ओच्याने तिने ओलं नाव खसाखसा पुसून काढलं. भिंत लाल, फ्रॉक लाल, हात लाल. नळ थरथरला, थरथरला, आणि पंख हळूच मिटला.

"अगं माझे बाई!" सरूकाकू कपाळावर हात मारून रडायलाच लागल्या. "त्या दोघांना हसले आन् मीच ते केलं! पर सुगे, तू केलंस हे लोकांना कळायचं कसं गं?"

"तहान भागली की झालं ना, काकू," सुगू म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. नाव पुसताना तिला वाईट वाटलंच होतं.

नगरपालिकेत मग खास सभा भरली. 'खालच्या आळीतील नळ कोणीही बसवलेला नाही' असा ठराव एकमताने मंजूर झाला. हा ठराव कोणाच्या नावाने मांडायचा यावर वाद होणार होता, पण सरूकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तो कोणाच्याच नावाने मांडला गेला नाही. भजी मात्र आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगूने नळाखाली कळशी धरली. छुनछुन, छुनछुन, घरातलं सगळं पाणी भरून झालं तरी ऊन अजून कोवळंच होतं! आईने तिच्या दोन वेण्या घातल्या. सुगू पळत पळत शाळेत गेली. प्रार्थना तिला पहिल्यापासून म्हणायला मिळाली. मग ती आपल्या जागेवर ताठ बसली आणि बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

खिडकीच्या कठड्यावर परी येऊन बसली होती. सुगूशिवाय ती कोणाला दिसत नव्हती. निळे, गुलाबी, पोपटी पंख सोनेरी उन्हात लुकलुकत होते.

"सुगंधा," बाईंनी नाव घेतलं.

"हजर!" सुगू इतक्या जोरात ओरडली की बाईंच्या हातातला खडू पडला. सगळा वर्ग खो-खो हसला. सुगूही हसली. परीने टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्यांतून उजेडाचे इवलेइवले कण उडाले, कठडाभर लख्ख प्रकाश पसरला, आणि त्या प्रकाशातच परी विरून गेली.

बाईंनी खडू उचलला आणि पुढचं नाव घेतलं.