गेरूची रेघ

फार पूर्वी घनोदा नदीच्या काठी वेणुपुर नावाचे नगर होते. अरिमर्दन राजाचे घराणे तिथे राज्य करीत होते, त्या काळी बोधिसत्त्वाने एका नावाड्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सुतीर्थ. तो मिसरूड फुटायच्या वयाचा असताना त्याचा बाप खच्चून भरलेल्या नावेबरोबर बुडाला. सुतीर्थाने त्या नदीचा राग धरला नाही. नदी खोल आहे हे तिने कधी लपवले नव्हते. नावेत किती माणसे कोंबायची हे नदी ठरवीत नाही, एवढे त्या पोरसवदा वयात त्याला कळले आणि ते तो कधी विसरला नाही.

पुढे तो घाटावरचा जाणता माणूस झाला, तेव्हा त्याने एक रीत पाडली. पावसाळा सरला की प्रत्येक नाव वाळूवर ओढायची, फटी बुजवायच्या, तेल पाजायचे. मग ती पाण्यात सोडून वाळूची पोती एकेक करून आत ठेवायची. मधल्या धारेत वारा सुटला तरी लाट काठावरून आत येणार नाही, इतके वजन झाले की थांबायचे आणि पाणी जिथे टेकले तिथे नावेला चहूबाजूंनी गेरूची तांबडी रेघ ओढायची. पाणी रेघेला लागले की नाव भरली. मग राजाचा मेहुणा आला तरी त्याने पुढच्या नावेची वाट बघायची. तेव्हाच्या राजाला, म्हणजे अरिमर्दनाच्या बापाला, ही रीत पटली. त्याने सातही घाटांवर एकेक रेघराखा नेमला आणि त्यांना राजाच्या कोठारातून धान्य लावून दिले. रेघ मात्र सगळ्या नावांना सुतीर्थच ओढी. त्याच्या हाताची रेघ लोक ओळखत. डाव्या टोकाला ती जराशी जाड असे.

अठरा वर्षे घनोदेत एकही नाव बुडाली नाही.

आता खरे तर याबद्दल कोणी सुतीर्थाच्या गळ्यात हार घालायला हवा होता. पण जगाची तऱ्हा न्यारी! अरिमर्दनाच्या दरबारात काळक नावाचा मंत्री होता. त्याला नगराच्या वेशीवर राजाच्या नावाने सोन्याचे तोरण उभारायचे होते. आणि गोमुख नावाचा शेठ होता, सातही घाटांवरच्या नावा त्याच्या. एका खेपेत तीस माणसे जातात ती पन्नास गेली तर काय बहार होईल, या विचाराने त्याला अन्न गोड लागत नव्हते. दोघांचे गूळपीठ जमायला वेळ लागला नाही.

एके दिवशी काळक राजाला म्हणाला, "महाराज, अठरा वर्षांत एक नाव बुडाली नाही. मग ही रेघ हवी कशाला? सात माणसं घाटावर बसून पाण्याकडे बघतात आणि कोठारातलं धान्य खातात. त्यापायी तोरण अडलंय."

गोमुख म्हणाला, "आणि व्यापार अडलाय तो वेगळाच. प्रजा काय कुकुलं बाळ आहे का, महाराज? ज्याला चढायचं तो चढेल, ज्याला भीती वाटते तो राहील. राज्याने का म्हणून प्रत्येकाचं बोट धरून चालायचं?"

ऐकलेत? घर गळत नाही, तर छप्पर काढून टाका! आणि हे शहाणपण कोणी शिकवावे? ज्यांनी आयुष्यात कधी भाड्याच्या नावेत पाय ठेवला नाही त्यांनी. त्यांच्या स्वतःच्या होड्या होत्या, गाद्या-लोड घातलेल्या, चार माणसांना बारा वल्हेकरी.

राजा दुष्ट नव्हता. पण सोन्याच्या तोरणावर आपले नाव कोरलेले त्याला डोळ्यांपुढे दिसू लागले होते, आणि माणसाला स्वतःचे नाव दिसू लागले की दुसरे काही दिसत नाही. ठरले की रेघराखे काढायचे आणि रेघ एक वीत वर घ्यायची. काळक म्हणाला, "रेघ अजिबात पुसली तर लोक बिथरतील. वर घेऊ. लोकांना रेघ दिसल्याशी कारण."

सुतीर्थाला दरबारात बोलावले गेले. काळकाने त्याला आपल्या शेजारी बसवले, विडा पुढे केला आणि म्हणाला, "सातही घाटांचा अधिपती करतो तुला. राहायला वाडा, अंगावर शालजोडी. एकच काम, नवी रेघ तुझ्या हाताने ओढायची. लोकांचा तुझ्या हातावर भरवसा आहे."

सुतीर्थाने आपल्या हाताकडे पाहिले. नखांत गेरू होता, तो कधीच निघत नसे. घरी बायको होती, दोन लेकी लग्नाच्या होत्या आणि छप्पर शाकारायला झाले होते. त्याला मोह झाला नाही असे नाही. क्षणभर झालाच. मग त्याला कळले की ही माणसे त्याचा हात मागत नाहीत, लोकांनी त्या हातावर अठरा वर्षे ठेवलेला भरवसा मागताहेत.

तो उठून म्हणाला, "महाराज, रेघ वर सरकवली म्हणून नदी खाली जात नाही. माणसं मरतील. हे काम माझ्या हातून होणार नाही. आणि दुसऱ्याच्या हातून करवाल, तर त्या मढ्यांवर हे तोरण उभं राहील."

"जीभ फार चालते याची," काळक म्हणाला. सुतीर्थाला त्याच दिवशी घाटाच्या कामावरून काढले. राजवाड्याच्या भिंती रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याकडून सगळ्या नावांच्या रेघा एक वीत वर ओढून घेतल्या. त्या बिचाऱ्याला नावेतले ओ की ठो कळत नव्हते. त्याला एवढेच सांगितले होते की डावे टोक जरा जाड ठेव.

पलीकडच्या काठाला आठवड्याचा बाजार भरे. त्या दिवशी सकाळपासून सुतीर्थ घाटाच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता, "चढू नका! रेघ खोटी आहे! ती मी ओढलेली नाही!"

लोक नावेकडे बघत. रेघ पाण्याच्या वर, कोरडी ठणठणीत. अठरा वर्षे त्यांना एकच सवय लागली होती, रेघ कोरडी असेल तर पाय टाकायचा. डावे टोक जाड आहे हेही त्यांनी पाहिले. कोणीतरी म्हणाले, "नोकरी गेली, म्हणून पोटात दुखतंय म्हाताऱ्याच्या." गोमुखाचा मुनीम खो खो हसला. सुतीर्थाच्या मनात आले, मीच यांना रेघेकडे बघायला शिकवले, पाण्याकडे बघायला शिकवायचे राहून गेले. तो आणखी मोठ्याने ओरडू लागला.

कुंभाराची तुंगा आपल्या लेकीला, सावळीला, घेऊन आली. दोघींच्या डोक्यावर मडक्यांच्या पाट्या होत्या. तुंगा सुतीर्थाला भाऊ मानी. दर भाऊबीजेला ओवाळून त्याला एक नवी पणती देई.

"तुंगे, माझं ऐक. आज जाऊ नकोस."

"अरे दादा, गेल्या बाजारी गेले नाही, आज नाही गेले तर चूल कशावर पेटवू?" ती म्हणाली. "आणि रेघ तर कोरडी आहे की! तूच तर सांगायचास, कोरडी असली की खुशाल बसा."

सावळी हसून म्हणाली, "मामा, तुमच्यासाठी पलीकडून गूळ आणते." आणि दोघी चढल्या.

नाव मधल्या धारेत गेली आणि पश्चिमेचा वारा सुटला. तो रोजचाच वारा होता, त्यात वादळबिदळ काही नव्हते. जी लाट अठरा वर्षे काठाला थाप मारून परत जात होती, ती आज आत आली. दुसरी आली. लोक एका बाजूला सरकले आणि नाव उलथली.

पहिली किंकाळी ऐकू यायच्या आत सुतीर्थाने उडी मारली होती. साठीच्या त्या माणसाने किती फेऱ्या मारल्या ते त्यालाही सांगता आले नसते. काढून टाकलेले रेघराखेही धावून आले आणि पाण्यात शिरले. त्यांनी बरेच जण बाहेर काढले. तुंगाला सुतीर्थाने केसांना धरून ओढून आणले. सावळीसाठी तो पुन्हा गेला, पुन्हा गेला, आणि रिकाम्या हातांनी आला. मडकी मात्र तरंगत होती. एकवीस माणसे गेली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. काळकाने आधीच राजाचे कान भरून ठेवले होते. अंगावरच्या त्याच चिखलाच्या लुगड्यात तुंगा आत आली, मागे सुतीर्थ, मागे सगळा घाट.

काळकाने चेहरा लांब केला. "फार वाईट झालं. दैवापुढे कोणाचं चालतं? वारा काय कोणाच्या हातात असतो? पण महाराज, रोज हजारो माणसं पार होतात. त्यातली थोडी गेली, म्हणून राज्याने आपली वाट सोडायची नसते. मेलेल्यांच्या घरी आपण धान्य पाठवू."

"थोडी?" तुंगा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "थोडी म्हणजे किती रे? नावं घे त्यांची. एक तरी नाव घे."

काळकाने इकडेतिकडे पाहिले. त्याला एकही नाव ठाऊक नव्हते.

"दैव म्हणे! दैवाने रेघ वर नेली? तुझ्या तोंडात किडे पडोत! माझी लेक रेघेवर विश्वासून चढली. ज्याने ती खोटी ओढवली त्याला दैव म्हणायचं असेल, तर ते दैव इथे विडा चघळत बसलंय!"

शिपाई पुढे सरसावले. राजाने त्यांना हाताने थांबवले. तो पहिल्यांदाच खाली बघत होता.

सुतीर्थ पुढे झाला. "महाराज, मला न्याय नको, चौकशी नको. मंत्री म्हणतात नवी रेघ बरोबर आहे, दोष वाऱ्याचा आहे. ठीक. दुसरी नाव घाटाला लागलेली आहे. ती नव्या रेघेपर्यंत पोत्यांनी भरतो. मंत्र्यांनी आणि शेठजींनी तिच्यात बसून पलीकडे जाऊन यावं. वल्हं मी मारतो."

सगळे घाटावर गेले. सुतीर्थाने पोती भरली. पाणी नव्या रेघेला टेकले, वर जेमतेम चार बोटे फळी उरली. वारा कालचाच होता.

"चढा, शेठ," राजा म्हणाला.

गोमुखाने पोट धरले आणि म्हणाला, त्याला सकाळपासून कळा येताहेत.

"काळक, तू चढ."

काळक पायरीवर उभा होता. पाणी हातभर अंतरावर होते. त्याने एक पाय उचलला, पाण्याकडे पाहिले आणि पाय परत होता तिथेच ठेवला. घाटावरच्या प्रत्येक माणसाने तो पाय पाहिला. काळकाला कालच्या आधीपासून सगळे ठाऊक होते. पुरते ठाऊक होते!

मग राजाचा पारा चढला. तो ओरडला, "बांधा दोघांना! टाका नावेत आणि द्या सोडून!"

लोकांनी आरोळी ठोकली. तुंगाने मान डोलावली. आणि सुतीर्थाच्या मनातले सांगायचे तर, त्यालाही वाटले, जाऊ दे. शेवटी पाण्यात जाऊन पाहू देत यांना. मग तो नावेच्या आणि शिपायांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"नाही, महाराज. या नावेत कोणीच बसायचं नाही. हेच तर मी सांगत आलो. हे दोघे बुडाले म्हणून ती सरळ चालणार नाही. आणि राग करायचा, तर थोडा स्वतःवरही करा. तोरणावर नाव तुमचं कोरायचं होतं."

राजाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "खरं आहे. काय करू सांग."

"तोरण उभारू नका. रेघराखे परत आणा आणि तोरणासाठी ठेवलेल्या सोन्यातून त्यांना पोसा. रेघ जुन्या जागी आणा. आणि एक नियम दगडावर कोरून घाटावर लावा. दरसाल रेघ ठरली की जो ती ठरवील, त्याने पहिल्या भरल्या नावेत बसायचं, मुलाबाळांसकट. मी असेन तर मी, मंत्री असेल तर मंत्री, राजा असेल तर राजा."

तसे झाले. काळक आणि गोमुख यांना राज्याबाहेर घालवले. तुंगाने त्यांना क्षमा केली नाही, आणि तिने करावी असे सुतीर्थानेही कधी म्हटले नाही. दरसाल पहिली भरली नाव सुटे तेव्हा सुतीर्थाबरोबर राजाही आपल्या मुलांना मांडीवर घेऊन तिच्यात बसे, आणि तुंगा पायरीवरून रेघेकडे बघत उभी असे.

पुढे बुद्ध झाल्यावर शास्त्याने जेतवनात ही कथा सांगितली, तेव्हा भिक्षू एका गावच्या बातमीने खवळलेले होते. तिथल्या अधिकाऱ्याने खर्च वाचवायला विहिरींचे कठडे काढून विकले होते. कथा संपवून शास्ता म्हणाला, "तेव्हाचा मंत्री काळक हा आजचा संघ फोडणारा देवदत्त. गोमुख शेठ हा त्याचा साथीदार कोकालिक. राजा अरिमर्दन म्हणजे आपला हा भिक्षू आनंद. तुंगा आज भिक्षुणी होऊन तुमच्यातच बसली आहे. कोणी दैवाचे नाव पुढे केले की आजही तिला ते खपत नाही. रेघ ओढणारा सुतीर्थ मीच होतो. लाभासाठी खोटी रेघ न ओढणे ही त्या जन्मातली सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता, आणि वैऱ्यालाही त्या नावेत बसू न देणे ही करुणा."

मागे बसलेल्या एका भिक्षूने विचारले, "भगवन्, राजा कोण, मंत्री कोण हे कळले. बुडालेली ती एकवीस माणसे कोण होती?"

शास्त्याने त्या भिक्षूकडे पाहिले. मग म्हणाला, "बरे विचारलेस. दरबारात हे फक्त तुंगाने विचारले होते."

आणि तो एकेकाचे नाव घेऊ लागला. पहिले नाव सावळीचे होते.