सातवं घर

भिंतींना अजून वाचा होती, त्या काळातली गोष्ट. एका इनामदाराने आपल्या गच्चीतून शोभा दिसावी म्हणून समोरच्या माळावर महालाची नुसती दर्शनी भिंत उभारली होती. दार खरं होतं, खिडक्या मात्र निळ्या रंगाने काढलेल्या, आणि मागे उघडा माळ.

भुरी मांजर आपलं एकुलतं पिल्लू तोंडात धरून तिथे आली. सात घरं फिरवल्याशिवाय पिल्लाचे डोळे उघडत नाहीत, असं तिला तिच्या आईने बजावलं होतं. सहा घरं झाली होती आणि सहाही घरांतून तिला हाकललं होतं.

"या, आत या," भिंत म्हणाली.

भुरी दारातून आत गेली, तर पुन्हा बाहेरच. तिने तीनदा करून पाहिलं. आपलंच काहीतरी चुकत असणार, असं तिला वाटलं.

"पण आत आहे कुठे?" तिने विचारलं.

"लांबून सगळे मला घरच म्हणतात. तूही म्हण की. म्हटलं की झालं."

भुरीचे पाय भरून आले होते. "बरं बाई, घर," ती म्हणाली. "सातवं."

"आई, घरात एवढा वारा कसा गं?" पिल्लू कुडकुडत म्हणालं.

"खिडकी उघडी राहिलीय, बाळा. झोप तू."

सकाळी पिल्लाचे डोळे उघडलेले होते. मोठे, निळे, चकचकीत. भुरीने हरखून त्यांच्यासमोर पंजा हलवला. ते लवले नाहीत. तिने हळूच चाटून पाहिलं, तर जिभेला ओला रंग लागला.

"उघडले का गं, आई?"

"उघडले हो, सोन्या."

"मग दिसायला कधी लागेल?"